भटके गर्भाशय, जाणारे आयन : प्रसवक्रियेच्या विद्युत्-इतिहासातील रूपके आणि प्रतिमाने

१

गर्भाशयाला आकुंचन पावायला कोण लावते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. हिपोक्रेटीसच्या नावावर जमा झालेल्या ग्रंथसमूहात बालकाच्या उत्पत्तीविषयी जो ग्रंथ आहे, त्याचे उत्तर ‘मूल’ असे आहे. आईच्या उदरात अन्न पुरेनासे झाले की मूल हातपाय झाडते, वेष्टने फाडते आणि बाहेर पडते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात हे काम प्रसूतिमारुताचे आहे. तो वायू गर्भाला फिरवून अधोमुख करतो आणि बाहेर आणतो. प्लेटोच्या ‘तिमायस’ या संवादात गर्भाशय हा स्त्रीच्या शरीरात राहणारा एक स्वतंत्र प्राणीच मानला आहे. त्याला अपत्याची इच्छा असते आणि ती दीर्घकाळ पुरी झाली नाही, तर तो शरीरभर भटकू लागतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इफिससच्या सोरेनस याने गर्भाशय भटकते ही कल्पना स्पष्टपणे नाकारली. तरीही गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेल्या ‘हिस्टेरिया’ या शब्दात ती विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. शास्त्राने टाकून दिलेले मत भाषा किती काळ सांभाळून ठेवते, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

मूल, वायू आणि इच्छा असलेला प्राणी ही तिन्ही उत्तरे परस्परांहून भिन्न आहेत. परंतु गर्भाशयाची भिंत, म्हणजे तिच्यातील स्नायू, स्वतः काय करतो हा प्रश्न त्यांपैकी एकाही उत्तरात उपस्थित होत नाही. आजचे शरीरक्रियाविज्ञान त्या प्रश्नाचे उत्तर आयनांच्या भाषेत देते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व क्लोराइड यांचे विद्युत्-भारित कण पेशीच्या पटलातून आतबाहेर करतात. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंमधील विभवांतर बदलते. आणि त्या बदलातून कळ उठते. मात्र या उत्तरापर्यंतचा मार्ग सरळ नव्हता. गर्भाशय प्रथम मज्जातंतूच्या मापाने मोजले गेले, नंतर समुद्रातील एका प्राण्याच्या मज्जातंतूच्या मापाने, आणि त्यानंतर सशाच्या व उंदराच्या गर्भाशयाच्या मापाने. एका साहित्याच्या काव्यशास्त्राला प्रमाण मानून दुसऱ्या साहित्यातील उणिवा मोजण्याची जी पद्धत तौलनिक अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे, तिच्याशी या इतिहासाचे साम्य वरवरचे नाही. दोन्हीकडे ‘अपवाद’ म्हणून नोंदली गेलेली गोष्ट पुढे त्या वस्तूचा स्वभाव ठरली.

२

लुईजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये बोलोन्या येथे बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून प्राणिज वीज आणि मज्जातंतू या दोन कल्पना जवळजवळ एकरूप झाल्या. स्नायू हा आज्ञाधारक आणि मज्जातंतू हा आज्ञा आणणारा, ही श्रेणी एकोणिसाव्या शतकात इतकी दृढ झाली की पुढे तारायंत्राचे रूपक तिला आपसूकच मिळाले. गर्भाशयालाही कुठूनतरी आज्ञा येत असली पाहिजे, हे त्यामुळे गृहीतच धरले गेले.

या गृहीताला दोन ठिकाणांहून तडा गेला. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७१ मध्ये वाचलेल्या व १८७२ मध्ये छापलेल्या निबंधात असे दाखवले की, गर्भाशय केवळ प्रसूतीच्या वेळी नव्हे, तर गर्भारपणाच्या संपूर्ण काळात अधूनमधून आकुंचन पावत असते. त्यांचे साधन म्हणजे पोटावर ठेवलेला हात. १८७४ मध्ये फ्रीड्रिख गोल्ट्झ यांनी मज्जारज्जू छेदलेल्या कुत्रीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती गाभण राहिली आणि तिने पिले दिली. पुढे १८९६ मध्ये गोल्ट्झ आणि एवाल्ट यांनी मज्जारज्जूचा खालचा भाग काढून टाकलेल्या कुत्रीबाबतही तेच नोंदवले. आज्ञा पाठवणारे केंद्र नसतानाही काम पार पडत होते. मग मज्जातंतूवाद्यांनी केंद्र थोडे जवळ आणले : भिंतीतच मज्जापेशींचे पुंजके असतील आणि तेच हुकूम देत असतील. वाद मिटला नाही. त्याने फक्त आपली जागा बदलली.

येथे भारतीय भाषांच्या अभ्यासकाला एका शब्दापाशी थांबावेच लागते. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस. बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ मज्जातंतू असा होतो. प्राचीन संस्कृत वैद्यकात स्नायु म्हणजे सांधे व मांस बांधून ठेवणारे तंतू. हिंदीत मांसाला ‘पेशी’ किंवा ‘मांसपेशी’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘पेशी’ला हिंदी ‘कोशिका’ म्हणते, आणि मराठी विश्वकोशानेही ‘कोशिका’च पसंत केली. गर्भाशयाचे आकुंचन स्नायुजन्य आहे, हे विधान मराठी वाचकाला एका पक्षाचे वाटेल, तर तेच शब्द वाचणाऱ्या बंगाली वाचकाला नेमके विरुद्ध पक्षाचे. युरोपात ज्या दोन मतांमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालला, ती दोन्ही मते भारतीय भाषांनी एकाच तत्सम शब्दात साठवून ठेवली आहेत. अखिल भारतीय वैज्ञानिक परिभाषा संस्कृतच्या आधारे आपोआप एकरूप होईल, या अपेक्षेविषयी हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

३

दरम्यान वीज वाहून नेणाऱ्या कणांना नाव मिळाले होते. मायकेल फॅरडे यांना विद्युत्-विच्छेदनातील घटकांसाठी नवे शब्द हवे होते. १८३४ मध्ये त्यांनी केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार केला. अॅनोड, कॅथोड, अॅनायन, कॅटायन आणि आयन हे शब्द त्या पत्रव्यवहारातून स्थिर झाले. ‘आयन’ हे ग्रीक क्रियापदाचे धातुसाधित आहे. त्याचा अर्थ ‘जाणारे’. शास्त्रज्ञासाठी ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्दही त्याच सुमारास ह्यूएल यांनीच घडवला, हे आठवले म्हणजे विज्ञानाच्या परिभाषेवर एका भाषाप्रेमी पंडिताची छाप किती खोल आहे ते कळते. मराठीने ‘आयन’ जसाच्या तसा घेतला. त्यामुळे त्यातले ‘जाणे’ मराठी कानाला ऐकू येत नाही. संस्कृत ‘अयन’ या गतिवाचक शब्दाशी त्याचे नाते आहे, हेही सहसा लक्षात येत नाही. ग्रीक गर्भाशय भटकत होते. त्याच ग्रीक भाषेतून घेतलेल्या शब्दामुळे दोन सहस्रकांहून अधिक काळानंतर भटकण्याचे काम अवयवाकडून कणांकडे गेले, असे म्हणता येईल.

फॅरडे यांच्या कल्पनेत आयन हे विद्युत्-प्रवाहाच्या प्रभावाखाली जाणारे घटक होते. प्रवाह नसतानाही मिठाच्या द्रावणात ते सुटे असतात, ही कल्पना स्वान्ते अऱ्हेनियस यांची. तिची पहिली मांडणी असलेला त्यांचा १८८४ चा प्रबंध उप्साला विद्यापीठाने जेमतेम स्वीकारला. पुढे १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील खारट द्रव हे निष्क्रिय माध्यम नसून क्रियाशील घटकांचा समूह आहे, असे समजण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

ती वाट प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवली ती सिडनी रिंगर यांनी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. १८८२ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आणि नंतर असे ध्यानात आले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नव्हते, तर न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्याचे होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थोड्याच वेळात थांबू लागले. १८८३ च्या निबंधात रिंगर यांनी ही चूक मोकळेपणाने सांगितली आणि नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हा निर्णायक घटक आहे, हे दाखवून दिले. लंडनच्या पाण्यातील खडूच्या अंशावर शरीरक्रियाविज्ञानाचे एक नवे प्रकरण उभे राहिले.

१९०२ मध्ये ज्यूलियस बर्नश्टाइन यांनी पटलाचा सिद्धान्त मांडला. पेशीच्या आत पोटॅशियम विपुल, बाहेर अल्प; विश्रांतीत पटल फक्त पोटॅशियमला वाट देते; ते बाहेर झिरपते आणि आतला भाग ऋण राहतो. उत्तेजनाच्या क्षणी पटलाची ही निवडक वृत्ती सुटते. त्याच वर्षी अर्नेस्ट ओव्हरटन यांनी सोडियम काढून घेतल्यास बेडकाचा स्नायू उत्तेजित होत नाही, असे नोंदवले. पण त्या निरीक्षणाला पुढची जवळजवळ पाच दशके योग्य तो वाचक मिळाला नाही.

४

गर्भाशय या कथेत उशिरा येते, आणि येते तेही औषधांच्या मोजमापाचे साधन म्हणून. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, असे दाखवले. १९०९ मध्ये ब्लेअर-बेल यांनी तो अर्क प्रसूतिशास्त्रात आणला. त्यातील क्रियाशील द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. ग्रीकमध्ये ‘शीघ्र प्रसव’. त्याची रचना व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये सिद्ध केली. मधल्या काळात उंदराच्या वा गिनीपिगच्या गर्भाशयाची पट्टी उबदार द्रावणात टांगून तिच्या आकुंचनाची नोंद काजळी धरलेल्या फिरत्या पंचपात्रावर घेणे, हा औषधशास्त्राचा नित्याचा पाठ झाला होता.

या पाठात एक अडचण होती. औषध न घालताही पट्टी आपणहून आकुंचन पावे आणि मोजमाप बिघडवी. त्यावर १९४०च्या दशकात स्पेनमधील दे हालोन यांनी सुचवलेले द्रावण रूढ झाले. त्यात कॅल्शियमचे प्रमाण मुद्दाम अगदी कमी ठेवलेले असे. कॅल्शियम उतरवले की गर्भाशय शांत होते. ही गोष्ट प्रयोगशाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताला ठाऊक झाली. परंतु तिच्याकडे एक सोय म्हणून पाहिले गेले. अवयवाची स्वयंस्फूर्ती हा प्रयोगातला व्यत्यय मानला गेला, आणि व्यत्यय दूर करणारी कृती हाच तिच्या कारणाचा पुरावा आहे, हे कोणाला सुचले नाही.

स्वयंस्फूर्तीकडे विषय म्हणून पाहणाऱ्यांत एमिल बोझलर अग्रणी होते. जर्मनीत शिकलेले आणि अमेरिकेत ओहायोमध्ये स्थिरावलेले बोझलर यांनी १९३८ मध्ये गर्भाशयाच्या विद्युत्-क्रियेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत विजेच्या उसळ्या एकट्यादुकट्या नव्हत्या. त्या झुंडीने येत, थांबत आणि पुन्हा येत. प्रत्येक झुंडीमागे एक आकुंचन होते. ही उत्तेजना स्नायूतच उगम पावते आणि पेशीकडून पेशीकडे जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रसूतीच्या वेदनेला मराठी बोली एकवचनी नाव देत नाही. बाई ‘कळा’ देते, तिला ‘वेणा’ येतात. येणे, ओसरणे आणि मधली विश्रांती हे सारे त्या अनेकवचनात आहे. तेच बोझलर यांच्या आलेखात उमटले होते. मराठीत ‘कळ’ म्हणजे वेदना आणि ‘कळ’ म्हणजे यंत्र चालवणारा खटका. व्युत्पत्तीने ते शब्द एक असोत वा भिन्न, येथे दोन्ही अर्थ एकाच घटनेला लागू पडतात.

५

पेशीच्या आत शिरून विभव मोजण्याची सोय १९४०च्या दशकाअखेर झाली. काचेची नळी तापवून, ताणून तिचे टोक एका मायक्रोमीटरहून बारीक करायचे, त्यात क्षाराचे द्रावण भरायचे आणि ते पेशीत टोचायचे. लिंग आणि जेरार्ड यांच्या १९४९ च्या निबंधाने ही रीत सर्वांच्या हाती आली. तोवर हॉजकिन आणि हक्स्ली यांनी दुसऱ्या टोकाने काम सुरू केले होते. माखली वर्गातील स्क्विड या समुद्री प्राण्याचा मज्जातंतू जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असतो; त्याच्या आत तारच घालता येते. हॉजकिन आणि कात्झ यांनी १९४९ मध्ये, आणि हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ च्या निबंधमालेत हे सिद्ध केले की, उसळीच्या क्षणी सोडियम आत धावते, त्यानंतर पोटॅशियम बाहेर जाते. ओव्हरटन यांना अखेर वाचक मिळाला. ही मांडणी गणितासह इतकी परिपूर्ण होती की ती केवळ स्क्विडची राहिली नाही. ‘क्रियाविभव’ या संकल्पनेची ती व्याख्याच बनली.

गर्भाशयाच्या वाट्याला आलेली अडचण येथून सुरू होते. त्याची पेशी पाच ते दहा मायक्रोमीटर रुंद. म्हणजे स्क्विडच्या तंतूच्या तुलनेत जाडी सुमारे शंभरावा भाग. शिवाय ती हलते. ज्या क्षणी नोंद घ्यायची, त्याच क्षणी पेशी आकसते आणि काचेचे टोक निसटते वा मोडते. वुडबरी आणि मॅकिन्टायर यांनी १९५४ मध्ये गर्भिणी प्राण्यांच्या गर्भाशयातील एकेका पेशीच्या आतून नोंदी मिळवल्या. त्यांत पेशीचा अंतर्भाग मज्जातंतूइतका ऋण नव्हता. उसळी मंद होती. विश्रांतीची रेषा स्थिर नव्हती, ती हळूहळू चढत जाऊन उसळीत मिसळत होती. स्क्विडच्या दृष्टीने पाहिले, तर ही सगळी वैगुण्ये होती, आणि इजा झालेल्या पेशींची लक्षणे म्हणून ती बाजूला सारण्याचा मोहही होता.

हा मोह आवरण्याचे श्रेय बव्हंशी ऑक्सफर्डमधील एडिथ ब्यूलब्रिंग यांच्या गटाकडे जाते. बॉन येथे जन्मलेल्या ब्यूलब्रिंग १९३३ मध्ये नाझी जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये आल्या. त्यांनी निवडला तो गिनीपिगच्या आंत्रपुच्छाजवळील मोठ्या आतड्यावरचा अनैच्छिक स्नायूचा पट्टा. १९५५ मध्ये त्यांनी विभव, उसळ्या आणि ताण या तिन्ही गोष्टींची एकत्र नोंद देऊन असे दाखवले की, या स्नायूची अस्थिरता हीच त्याची कार्यपद्धती आहे. विभव थोडा उतरला की उसळ्या वाढतात, उसळ्या वाढल्या की ताण वाढतो. जपानमधील हिरोशी कुरियामा व तादाओ तोमिता, ऑस्ट्रेलियातील मॉली होल्मन आणि बेल्जियममधील रिक कास्तील्स यांच्यासारखे अभ्यासक या परिवारात वाढले. ब्यूलब्रिंग आणि कुरियामा यांनी १९६३ मध्ये बाहेरील सोडियम व कॅल्शियम बदलून केलेले प्रयोग निर्णायक दिशेने जाणारे होते : या स्नायूत उसळीचा भार उचलणारा आयन बहुधा सोडियम नव्हता. मज्जातंतूतील सोडियम-मार्ग बंद करणारे माशाचे विष, टेट्रोडोटॉक्सिन, वापरूनही अशा स्नायूंतील उसळ्या टिकून राहतात, हे त्याच दशकात स्पष्ट झाले.

गर्भाशयापुरता प्रश्न पुढे नेला तो युनिव्हर्सिटी कॉलेजातच. रिंगर यांच्या नळाच्या पाण्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, त्याच संस्थेत, एडमन आणि शिल्ड यांनी १९६२ मध्ये उंदराच्या गर्भाशयावरील निबंध प्रसिद्ध केला. अॅसिटिलकोलीनने असो वा पोटॅशियम वाढवून असो, आकुंचनासाठी कॅल्शियम अनिवार्य आहे, असे त्यात दाखवले होते. याआधी १९५८ मध्ये इव्हान्स, शिल्ड आणि थेस्लेफ यांनी आणखी एक विचित्र गोष्ट नोंदवली होती : बाहेरील पोटॅशियम इतके वाढवले की विभवांतरच नष्ट व्हावे, तरीही असा विद्युत्-दृष्ट्या निःशब्द स्नायू औषधाला आकुंचनाने प्रतिसाद देतो. म्हणजे वीज हे आकुंचनाचे एक द्वार होते, एकमेव नव्हे. ऑक्सिटोसिनही दोन्ही वाटांनी काम करते. ते पटलाला उत्तेजनाजवळ नेते आणि पेशीतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे करते.

चित्र आज असे दिसते. पेशीबाहेर मोकळे कॅल्शियम आतल्याच्या सुमारे दहा हजार पट असते. विभवांतर विशिष्ट मर्यादेपर्यंत उतरले की कॅल्शियमचे मार्ग उघडतात. ते आत येते, विभव आणखी चढवते आणि आत आल्यावर कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाऊन आकुंचनाची यंत्रणा सुरू करते. मज्जातंतूत सोडियम फक्त संदेश वाहते. येथे संदेश आणणारा आणि संदेशाचा आशय एकच आहे. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी.

सोडियमचा पक्ष मात्र इतक्यात हरला नव्हता. १९६९ मध्ये अँडरसन यांनी विभव स्थिर ठेवून प्रवाह मोजण्याची पद्धत गर्भाशयावर वापरली आणि सोडियमला महत्त्व दिले. बोर्दो येथील मिरोनो यांनी १९७४ मध्ये तशाच पद्धतीने कॅल्शियमचा पक्ष बळकट केला. एकाच अवयवाचे दोन पाठ समोर होते. प्राणी कोणता, तो गाभण होता की नव्हता, सोडियमऐवजी द्रावणात काय घातले, यांवर निष्कर्ष हलत होते. १९८०च्या दशकात सुट्या पेशीवर मोजमाप शक्य झाले तेव्हा कॅल्शियम-मार्ग प्रमुख ठरले. पण १९८९ मध्ये ओह्या आणि स्पेरेलाकिस यांना गाभण उंदरांच्या पेशींत द्रुत सोडियम-मार्गही सापडले. सोडियमवाद्यांनी जे पाहिले होते, ते अगदीच निराधार नव्हते.

क्लोराइडची गोष्टही या ओघात सांगायला हवी. कास्तील्स आणि कुरियामा यांनी १९६५ मध्ये गाभण व अगाभण उंदरांच्या गर्भाशयातील आयनांचे प्रमाण आणि विभव यांची तुलना केली, तेव्हा केवळ पोटॅशियमच्या आधारे हिशेब जुळेना. प्रौढ मेंदूतील बहुसंख्य पेशींत क्लोराइडचा मार्ग उघडणे म्हणजे पेशीला शांत करणे. अनैच्छिक स्नायूत मात्र आत साठलेले क्लोराइड बाहेर पडते आणि पेशी उत्तेजनाच्या जवळ जाते. आयन तोच; संदर्भ बदलला की अर्थ उलटतो.

६

गर्भारपणाचे नऊ महिने गर्भाशय शांत का राहते, या प्रश्नाला हंगेरीतून अमेरिकेत गेलेले आर्पाड चापो यांनी १९५६ मध्ये ‘प्रोजेस्टेरॉनचा अडसर’ हे उत्तर दिले. हे संप्रेरक स्नायूची उत्तेजनक्षमता आणि उत्तेजनेचा प्रसार दडपते; अडसर निघाला की प्रसूती सुरू होते. जीन मार्शल यांनी १९५९ मध्ये एस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांमुळे उंदराच्या एकेका पेशीचे विभव कसे बदलते, ते मोजून दाखवले होते. चापो आणि कुरियामा यांनी १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या गर्भाशयावर आयनांचा व औषधांचा परिणाम तपासला. संप्रेरक आणि आयन या दोन शास्त्रांना जोडणारी ही मांडणी प्रभावी होती, आणि चापो यांनी ती वादपटूच्या आवेशाने लढवली.

परंतु ती मुख्यतः सशावर आणि उंदरावर उभी होती. त्या प्राण्यांत प्रसूतीपूर्वी रक्तातील प्रोजेस्टेरॉन घसरते. स्त्रीच्या रक्तात ते वार पडेपर्यंत उच्चच राहते. अनेकांनी यावरून चापो यांना मोडीत काढले. ते घाईचे होते. प्रोजेस्टेरॉनचा प्रतिरोध करणारे मिफेप्रिस्टोन १९८०च्या दशकात उपलब्ध झाले, तेव्हा स्त्रीच्या गर्भाशयाची शांतताही त्याच संप्रेरकावर अवलंबून असल्याचे सिद्ध झाले. अडसर रक्तात न निघता पेशीतील ग्राहकांच्या पातळीवर निघतो, अशी मांडणी आता केली जाते. चापो यांचा सिद्धान्त सशापुरता खरा आणि स्त्रीबाबत खोटा नव्हता. त्याचे भाषांतर शब्दशः केले गेले होते, इतकेच.

स्त्रीच्या गर्भाशयातून थेट मोजमाप करणाऱ्यांत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील हेलेना पार्किंग्टन यांचे काम महत्त्वाचे आहे; मॉली होल्मन यांनीही आपले पुढचे काम त्याच विद्यापीठात केले होते. शस्त्रक्रियेने प्रसूती होताना घेतलेल्या ऊतीच्या बारीक पट्ट्यांवरून १९९९ मध्ये असे आढळले की, २९ व्या आठवड्याच्या सुमारास पेशीचा विभव सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत तो उणे ५५ च्या जवळ येतो. पंधरा मिलिव्होल्टांचे हे अंतर म्हणजे शांतता आणि प्रसूती यांमधील अंतर.

एका पेशीत कळ उठून मात्र भागत नाही. गारफील्ड, सिम्स आणि डॅनिएल यांनी १९७७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून असे दाखवले की, गर्भारपणात पेशी-पेशींमधील जोडमार्ग नगण्य असतात, प्रसूतीच्या सुमारास ते झपाट्याने वाढतात आणि नंतर विरून जातात. बोझलर यांनी १९३८ मध्ये ज्या प्रसाराचे अनुमान केले होते, त्याची वाट चाळीस वर्षांनी डोळ्यांना दिसली. उत्तेजना नेमकी कोठून सुरू होते, हे मात्र आजही निश्चित नाही. हृदयातील ठोक्याचे उगमस्थान कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये दाखवले. तसे ठरलेले स्थान गर्भाशयात सर्वमान्य झालेले नाही. आकुंचन कधी येथून सुरू होते, कधी तेथून. केंद्र असलेच पाहिजे ही अपेक्षाही कदाचित हृदयाकडून उसनी घेतलेली आहे.

७

या वादांचे मोल आकडेवारीत दिसते. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बालके मुदतीपूर्वी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात. कळा वेळेआधी सुरू झाल्या, तर त्या थांबवण्यासाठी वैद्यकाजवळ असलेली साधने थेट आयनांच्या इतिहासातून आली आहेत. मॅग्नेशियम कॅल्शियमची वाट अडवते, म्हणून अमेरिकेत १९७०च्या दशकापासून मॅग्नेशियम सल्फेट यासाठी सर्रास दिले जाऊ लागले. २००२ च्या पुराव्याच्या पद्धतशीर आढाव्यात त्याने प्रसूती लांबते असे दिसले नाही. त्याच वर्षीच्या, ३३ देशांतील १० हजारांहून अधिक स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ चाचणीत मात्र त्याच क्षाराने गर्भिणीतील झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. प्रयोगशाळेतील तर्क गर्भाशयाबाबत फसला आणि झटक्यांबाबत त्याच औषधाने प्राण वाचवले. कॅल्शियम-मार्ग रोखणारे निफेडिपिन १९८० पासून या कामी वापरात आले. त्याने बहुधा काही दिवसांची सवड मिळते.

उलट बाजूची अडचण म्हणजे कळा पुरेशा न येणे. इंग्रजी प्रसूतिशास्त्राने तिला दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत : गर्भाशयाचे जडत्व, प्रगतीतील अपयश. दोन्ही नावांत अवयवावर, आणि त्याच्या आडून स्त्रीवर, उणिवेचा शिक्का आहे. प्लेटोच्या हट्टी प्राण्याची जागा आळशी प्राण्याने घेतली, एवढेच. २००४ मध्ये लिव्हरपूल येथे क्वेन्बी, रे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयातून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून असे दाखवले की, रेंगाळलेल्या प्रसूतीत स्नायूत लॅक्टिक आम्ल साचलेले असते. आकुंचनाने रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू घटतो, हायड्रोजन आयन वाढतात आणि ते कॅल्शियमच्या आगमनाला अडथळा करतात. हे गर्भाशय काम करून थकलेले होते. अशा स्नायूला ऑक्सिटोसिनने आणखी हाकणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. २०१४ मध्ये पार्किंग्टन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक भर घातली. प्रसूतीच्या वेळी एक विशिष्ट पोटॅशियम-मार्ग मंदावतो आणि त्यामुळे आकुंचन दीर्घ व जोरकस होते. स्थूल स्त्रियांत हा मार्ग मंदावत नाही, म्हणून कळा कमजोर राहतात.

स्वीडनमध्ये २०० स्त्रियांवर केलेल्या व २०१८ मध्ये छापलेल्या एका चाचणीत, प्रसूती रेंगाळलेल्या निम्म्या स्त्रियांना ऑक्सिटोसिनपूर्वी तासभर सोडियम बायकार्बोनेटचे, म्हणजे खाण्याच्या सोड्याचे, पाणी पाजण्यात आले. त्या गटात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आढळले. चाचणी लहान होती. तिचा निष्कर्ष निरनिराळ्या ठिकाणी आणि मोठ्या संख्येवर तपासला जाणे आवश्यक आहे. रुग्णालयांच्या कागदपत्रांत मात्र शस्त्रक्रियेचे कारण नोंदवताना ‘प्रगतीतील अपयश’ हेच इंग्रजी शब्द आजही लिहिले जातात.